बोलत राहा, ताई

"ताई, बोलत राहा. मी आवाजावर येतो."

सिधूचा हा आवाज शोभनाच्या कानात जाऊन बसला तेव्हा ती सातवीत होती आणि तो तिसरीत. कराडला नदीकाठच्या मैदानावर तिचा कबड्डीचा सराव संपला की दोघं बहीणभाऊ उसाच्या कडेच्या बांधावरून घरी यायची. आभाळ अजून केशरी असायचं, तिला पायाखालची ढेकळंसुद्धा दिसत असायची. सिधूचा मात्र तिथेच दिवस मावळलेला असायचा. तो हात पुढे करून तिच्या मागे चालायचा. मग तीही चालता चालता काहीबाही जुळवून म्हणायची:

डावीकडं ओढा, उजवीकडं बाभळ,
मधनं ये रे सिधू, मी तुझ्याजवळ.

आणि तो खरोखरच मधनं यायचा. तिला तेव्हा तो दोघांतला खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. आणि कळलं तोवर सिधूला दिवसासुद्धा बांध दिसेनासा झाला होता.

दुबईला येऊन तिने संसार मांडला, सिलिकॉन ओएसिसमध्ये फ्लॅट झाला, क्वालिटीच्या कामात हात बसला, कानामागे पांढरे केस आले, तरी तो आवाज काही म्हातारा झाला नाही. आणि या नोव्हेंबरात तर तो रोज संध्याकाळी मैदानावर येऊन उभा राहू लागला.

मैदान होतं अमेरिकन फुटबॉलचं. पायाने खेळायचा तो फुटबॉल वेगळा. इथे चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाताने लांब फेकायचा, पळत्या जोडीदाराने झेलायचा, आणि समोरच्यांनी तो झेल हाणून पाडायचा. पोरांच्या खेळात धडका मारायच्या नसतात. कमरेला लटकणारी पट्टी खेचून घेतली की गडी अडला. हे पास अडवायला जी पोरं मागच्या फळीत उभी असतात त्यांना डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात. शोभना या मागच्या फळीची कोच होती, आणि त्याच फळीत तिचा चौदा वर्षांचा वेदांग होता.

ती कोच झाली ती तोंडाला आवर नव्हता म्हणून. वेदांगला सोडायला जायची तेव्हा ती बाकावर बसून खेळ बघायची. उलट्या पावलांनी पळताना पोरं धडाधड पडायची आणि ही बसल्या जागी पुटपुटायची. हेड कोच फहद शारजाचा. अमेरिकेत शिकायला गेला आणि पदवीबरोबर हा खेळ घेऊन आला. त्याने एकदा तिचं पुटपुटणं ऐकलं आणि आपल्या तोडक्या हिंदीत विचारलं, मॅडमना काही म्हणायचंय का. मॅडम म्हणाल्या, पोरं गड्याच्या डोळ्यांकडे बघतायत. जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेल्या बाईला हे बघवत नव्हतं. तिने चपला काढल्या, गुडघ्यात वाकली, छाती पुढे घेतली आणि पायाला पाय न लागू देता सरसर मागे गेली. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही, असं तिने पोरांना सांगितलं. गडी कुठे वळणार ते त्याच्या कमरेला आधी कळतं. फहद बघत राहिला आणि ठरवून टाकल्यासारखं म्हणाला, "खलास. मॅडम, ये लोग आपका."

तेव्हापासून मंगळवार-गुरुवार ऑफिस सुटलं की ती शिटी गळ्यात घालून इथे असायची. पोरं मागे मागे यायची, लाट किनाऱ्याकडे पाठ करून आल्यासारखी. तिने चेंडू डावीकडे दाखवला की डावीकडे वळायची, उजवीकडे दाखवला की उजवीकडे. मग ती अवचित चेंडू सोडायची, आणि पोरांनी पाऊल रोवून त्याच्यावर झेपावायचं. या जागेवरच्या पोराचं खरं दुखणं असं की त्याला एकाच वेळी दोन गोष्टी दिसाव्या लागतात. नजर गड्याच्या कमरेवर ठेवायची आणि लांबून येणारा चेंडू डोळ्याच्या कडेने टिपायचा. पाय शिकवता येतात, वळणं शिकवता येतं. डोळ्याची कड ज्याची त्याला जन्मतःच आणावी लागते.

त्या गुरुवारी सूर्य पामच्या झाडांआड गेला होता आणि मैदानावरचे दिवे अजून लागायचे होते. मग्रिबच्या, सूर्यास्ताच्या अजानीआधीचा तो थोडासा वेळ. फहदने बाजूने एक सोपा पास टाकला, वेदांगच्या डाव्या हाताकडे. सगळ्यांनी तो येताना पाहिला. वेदांग हललासुद्धा नाही. चेंडू त्याच्या खांद्यावर आपटला आणि पायाशी घरंगळला. आणि तो उचलायला वाकलेल्या वेदांगचा हात चेंडूच्या बाजूला, रिकाम्या गवतावर फिरत राहिला.

पोरं हसली. त्याच फळीत खेळणारी जैनब, कराचीकडची, जिभेला धार असलेली पोरगी, ती म्हणाली, "भाई, सो रहा है क्या?" वेदांगही हसला. जरा जास्तच लवकर हसला.

ते हसू शोभनाच्या ओळखीचं होतं. सिधूसुद्धा ठेचकाळला की आधी हसायचा, कुणी विचारू नये म्हणून. दिवे लागले, वेदांगने पुढचा पास समोरून अलगद झेलला, फहदने टाळी दिली. शोभनाने मात्र शिटी दातांत इतकी घट्ट धरली की हिरड्या दुखल्या.

भीती एकदा घरात शिरली की तिला प्रत्येक कोनाडा माहीत होतो. आता शोभनाला सगळंच दिसायला लागलं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये वेदांग तिच्या बॅगेचा पट्टा धरून चालतो. सिनेमाला उशीर झाला तर खुर्च्यांच्या पाठी चाचपतो. डाव्या हाताला ठेवलेला दुधाचा पेला हटकून सांडतो. वाळवंटात शाळेची सहल गेली तेव्हा तंबूची दोरी अडकून पडला होता, आणि ती त्याच्या हनुवटीला हळद लावताना म्हणाली होती, बघून चालावं रे जरा.

"मोबाईल," सुरेशचं निदान ठरलेलं होतं. सुरेश म्हणजे तिचा नवरा. इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर, आणि घरातही सगळ्या बिघाडांचं कारण शोधून ठेवणारा. शिवाय शाळेच्या डोळे-तपासणीत वेदांगने सगळ्यात खालची, मुंगीएवढी अक्षरं धडाधड वाचली होती. सुरेशने ही गोष्ट पुण्याला आपल्या आईला फोन करकरून सांगितली. शोभना त्या फोनांच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा. सिधूसुद्धा शेवटपर्यंत खालची अक्षरं वाचायचा. नळीतून बघावं तसं समोरचं लख्ख, आणि भोवतीनं अंधार आत आत सरकत येणारा.

हे सुरेशला ठाऊक नव्हतं. सुरेशला ठाऊक होतं ते असं की मेव्हण्याचे डोळे लहानपणी दिवाळीत फटाका उडून गेले. शोभनाचं लग्न ठरताना तिच्या वडिलांनीच तसं सांगितलं होतं, सुरेशच्या आईसमोर, सुपारी कातरत, अगदी सहज. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला माजघरात बोलावलं. सिधूचा हा डोळ्यांचा आजार पुरुषाला होतो, बाईला होत नाही, म्हणाले. तुझ्या अंगात काही नाही, मग कशाला वाच्यता करायची. एवढं मात्र ते खोटं बोलत नव्हते. मुलगी धडधाकट आहे म्हणजे आजार सिधूपाशी संपला, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. शोभनालाही वाटलं. दुबईत तिला दिवस गेल्यावर एका दुपारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिने वाचलं, की बाईला तो होत नाही, पण बाई तो पोटच्या मुलाला देऊ शकते. होईल किंवा होणार नाही, दोन्ही सारखंच शक्य.

इथे सोनोग्राफीत सगळं सांगतात. डॉक्टरीणबाई हसून "बॉय" म्हणाल्या. सुरेशने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. शोभना रडली, आणि सगळ्यांना वाटलं, बाई किती आनंदली.

तेव्हापासून सुरेश पोराच्या डोळ्यांना जपत आला होता, पण भलत्याच दारावर पहारा देऊन. दिवाळीत साधी फुलबाजी घरात येऊ द्यायचा नाही. या वर्षीही शेजारच्या इशिताने गच्चीत फुलबाज्या आणल्या तेव्हा त्याने वेदांगला मागे ओढलं आणि चारचौघांत म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचे डोळे गेलेत हो. मी बघितलंय." शोभना रांगोळीत रंग भरत होती. तिच्या चिमटीतून हिरवा रंग तांबड्यावर सांडला.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. तिने दुसरंच केलं, आणि ते फक्त तिलाच सुचू शकलं असतं.

त्या गुरुवारनंतरच्या मंगळवारी तिने मागच्या फळीला नवा नियम घालून दिला. गप्प खेळायचं नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं तोंड एक क्षण थांबत नाही, तसं इथे मागच्या फळीचं थांबायचं नाही. पास सुटला की ज्याला दिसला त्याने ओरडायचं, डावीकडे की उजवीकडे, उंच की खाली. गडी वळला की ओरडायचं. तू कुठे आहेस तेही ओरडून सांगायचं. पोरांना मजा वाटली. जैनब म्हणाली, कोच, हा तर मासळीबाजार झाला. पण त्या मासळीबाजाराने आठवड्याभरात कमाल केली. "यल्ला लेफ्ट", "ऊपर ऊपर", "मेरा है" असा गलका उठायचा आणि एकही पास सहज पडायचा नाही. आणि सगळ्यांत चपळ झाला वेदांग. त्याला चेंडू दिसायच्या आधी ऐकू येत होता. आवाजाच्या वाटेने तो असा सुटायचा की फहद डोक्याला हात लावायचा. त्याने वेदांगला सगळ्यांत मागची, राखणदाराची जागा दिली.

शोभनाला शाबासकी मिळत होती आणि तिची झोप उडत चालली होती. तिने काय केलंय ते तिचं तिला माहीत होतं. अख्खी फळी तिने त्या बांधावर उभी केली होती, आणि सगळ्या पोरांना आपलं जुनं गाणं म्हणायला लावलं होतं.

एका दुपारी तिने सिधूला फोन लावला. सिधू कराडच्या एका सहकारी बँकेत फोनवरच्या चौकशीला बसतो. पत्नी, मुलगी, घर सगळं नीट. स्वभाव तोच, जखमेवर मीठ नको म्हणून तिथे साखर लावणारा. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"म्हणजे दाजी अजून मला फटाकेवालाच समजतात?" तो हसला. मग हसू थांबलं. "ताई, वेदूला मी कसा वाटतो ते सोड. त्याला तो स्वतः कसा वाटत असेल? मला बारा वर्षांचा होईतो कुणी काही सांगितलं नाही. मी भिंतीवर आपटायचो आणि मला वाटायचं, आपणच वेंधळे. सगळे बघून चालतात, आपल्यालाच लक्ष देता येत नाही. डोळे गेल्याचं मला तेवढं नाही वाटत बघ. त्या वेंधळेपणाचं वाटतं."

ती म्हणाली, सामना झाला की सांगते. सिधू म्हणाला, कोणता सामना. आणि तिने आपण होऊन बंद करेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही.

सामना शनिवारी अबू धाबीला होता, खलिफा सिटीतल्या एका शाळेच्या मैदानावर. वेळ पुढे सरकत गेली आणि खेळ सुरू झाला तेव्हा अंधारून आलं होतं. दिवे होते, पण एका कोपऱ्यातला खांब बंद. शोभनाची नजर आधी त्या कोपऱ्यावर गेली. मग तिने डीजे पाहिला. माणसाएवढे स्पीकर, मैदानाच्या अगदी कडेला.

पहिला ठोका पडला तेव्हा जमीन हादरली. वेदांगच्या फळीने तोंडं उघडली आणि एकाचाही आवाज कुणाला पोचला नाही. शोभना फहदकडे धावली, गाणं बंद करायला सांग म्हणाली. फहदने दोनदा हात जोडून दाखवले, आयोजकांनी आवाज थोडा कमी केला, आणि लगेच पुन्हा वाढवला. इतक्या लांबून पोरं मुक्यानं ओरडताना दिसत होती. वेदांगचं डोकं सारखं वळत होतं, या खांद्यावरून त्या खांद्यावर. दारावर थाप ऐकू आली पण दार कुठल्या भिंतीत आहे ते न सापडणाऱ्या माणसासारखं. त्याला बाहेर काढ, असं फहदला सांगायला ती वळली. का काढायचं, असं त्याने विचारलं असतं. ती पुन्हा मैदानाकडे वळली. तेवढ्यात चेंडू सुटला.

उंच गेला, दिव्याच्या झोतातून निसटून बंद खांबाच्या कोपऱ्याकडे. वेदांगने समोरच्या गड्याची कमर वाचली, अचूक वाचली, आणि जीव खाऊन धावला. डावीकडून जैनब धावली. ती ओरडत होती. तिचं उघडं तोंड शोभनाला स्पष्ट दिसलं. वेदांगच्या दृष्टीने तिथे कुणीच नव्हतं.

दोघांची डोकी एकमेकांवर आदळल्याचा आवाज गाण्यातूनही शोभनाला ऐकू आला.

ती कशी धावली ते तिला आठवत नाही. जैनब उठून बसली होती, ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त. वेदांग उताणा होता, डोळे उघडे. त्याच्या कपाळावर टेंगूळ चढत होतं आणि तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "सॉरी, जैनब. आय डिडंट... सॉरी." तिथल्या डॉक्टरांनी त्याला बोटं मोजायला लावली, नाव-गाव विचारलं, प्रकाश डोळ्यांत टाकून पाहिला. धोका नाही म्हणाले, पण आज खेळ बंद, रात्रभर लक्ष ठेवा.

जैनबच्या ओठावर बर्फ धरायला शोभना बसली. पोरगी चिडेल म्हणून ती तयारीत होती. जैनब हळू आवाजात, हिंदीत म्हणाली, "कोच, इसको साइड से मैं कभी नहीं दिखती. इसलिए मैं सबसे ज़ोर से चिल्लाती हूँ." मग थोडं थांबून, "आपने इसी के लिए सिखाया था ना?"

शोभनाच्या हातातला बर्फ वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने फक्त जैनबच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतीच्या वाटेवर सुरेश बडबडत होता. घाबरला की त्याचं तसंच व्हायचं. लक्ष कुठे असतं, म्हणे. एवढी मोठी पोरगी दिसू नये. उद्याच्या उद्या मोबाईल माझ्याकडे द्यायचा. शोभना मागे वेदांगशेजारी बसली होती, त्याचं डोकं खांद्यावर घेऊन, त्याला बोलतं ठेवत. हायवेचे दिवे गाडीतून एकेक करून जात होते. उजेड, अंधार, उजेड. सुरेश पेट्रोलपंपावर वळला आणि कडक चहा घेऊन आला. तीन कागदी कप. एक त्याने मागे वेदांगच्या डाव्या बाजूने पुढे केला.

वेदांगने कप घेतला नाही. कप त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर वाफाळत होता आणि तो समोर बघत होता.

"अरे घे की," सुरेश म्हणाला.

वेदांग दचकला. हात वळवला, कपाला बोटं लागली, चहा सीटवर सांडला. आणि मग तो हसला. लवकर, आधीच, कुणी विचारू नये म्हणून.

शोभनाला ते हसू सहन झालं नाही. तिने त्याच्या तोंडावर अलगद हात ठेवला, आणि हसू तिच्या तळहाताखालीच विरलं.

"नको हसू," ती म्हणाली.

तिने हात काढला. मग वेदांग म्हणाला, "बाबा, आय कांट सी द साइड्स. अंधार झाला की काहीच नाही दिसत. आय थॉट एव्हरीवन इज लाइक दॅट, अँड आय ॲम जस्ट स्टुपिड." त्याने आईकडे डोकं वळवलं, पूर्ण वळवलं, तिला नजरेच्या नळीच्या मधोमध आणलं. "आई, तू सगळ्यांना ओरडायला शिकवलंस. त्या गुरुवारनंतर. यू न्यू, ना?"

"काय माहीत होतं तिला?" सुरेश म्हणाला. तो पुढच्या सीटवरून अर्धा वळलेला होता, हातात रिकामा होत चाललेला कप. "शोभना, कशाबद्दल बोलतोय हा?"

कराडच्या बांधावर अंधार पडलेला होता. मागे कुणीतरी हात पुढे करून उभं होतं, पहिल्या शब्दाची वाट बघत. शोभनाने वेदांगचा हात हातात घेतला.

"अहो," ती म्हणाली, "सिधूचे डोळे फटाक्यानं गेले नाहीत. तो जन्मतःच डोळ्यांचा आजार घेऊन आला होता, आमच्या घरातून. माझ्यात दिसत नाही, पण माझ्याकडून वेदूला आलाय. मला हा पोटात असल्यापासून भीती होती, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही." मग ती वेदांगकडे वळली. "तू वेंधळा नाहीस रे. कधीच नव्हतास."